अक्षाच्या खालची रेघ

मयूर विहार, दिल्ली
४ ऑक्टोबर १९९५

ती. आईंना सुनीतीचा नमस्कार.

आधी तुमच्या गुडघ्याचं विचारायला हवं, पण आज डोक्यात दुसरंच घोळतंय, आणि ते तुम्हाला गुडघ्यापेक्षा जास्त आवडेल. यतीनशी लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी मला घाबरवायच्या की सासूबाई कराडला मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या, सुनेलाही रोज फळ्यापाशी उभं करतील. तुम्ही ते कधी केलं नाहीत. आज मीच येऊन उभी राहतेय. फोन केला असता, पण एसटीडी बूथमध्ये आलेख काढता येत नाही, आणि घरून बोलले तर यतीन ऐकेल. त्याला यातलं सध्या काही कळायला नको आहे.

आमच्या नोएडाच्या शाळेत अकरावीची सहामाही झाली. शाळा इतकी नवी आहे की जिन्यात अजून रंगाचा वास येतो, आणि सगळ्यांना एकच घाई, नाव व्हायची. गणिताचा पेपर विभागप्रमुख भाटिया सरांनी काढला. एक प्रश्न असा होता: एक उणे साइन वर्ग एक्स, याच्या वर्गमुळाला सरळ रूप द्या आणि शून्य ते तीनशेसाठ अंशांपर्यंत त्याचा आलेख काढा. सरांनी पेपरासोबत नमुना उत्तरंही दिली. त्यात उत्तर आहे कोसाइन एक्स, आणि आलेखात नेहमीची लाट: वरून सुरू होते, मध्ये अक्षाच्या खाली जाते, पुन्हा वर येते.

आता तुम्हीच सांगा. एकशेऐंशी अंशांना साइन शून्य. एक उणे शून्य म्हणजे एक. एकाचं वर्गमूळ एक. मग रेघ तिथे उणे एकवर कशी जाईल? वर्गमूळ ऋण येतच नाही. आलेख अक्षाच्या खाली जायलाच नको. उत्तर कोसाइनचं केवल मूल्य, आणि आलेखात खालचा सगळा भाग उलटून वर.

माझ्या वर्गात जवळपास सगळ्यांनी लाटच काढली, कारण जवळपास सगळे भाटिया सरांच्या घरी ट्यूशनला जातात. एकीने काढली नाही. प्रणिता सोनटक्के. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळ अकोल्याचे, आमच्याच सोसायटीच्या मागे राहतात. शाळेच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसते. आलेख म्हटलं तर तिला कळत नाही, ग्राफ म्हणावं लागतं, पण ग्राफ तिला नीट कळतो. तिने सगळा वरच काढला. मी तिला पूर्ण गुण दिले आणि बाकीच्यांचे कापले.

काल गठ्ठा परत आलाय. वर सरांच्या हातची चिठ्ठी, नमुना उत्तराप्रमाणे पुन्हा तपासा. म्हणजे प्रणिताचे कापा आणि बाकीच्यांना द्या.

माझी नोकरी मार्चअखेर कायम करायची की नाही हे ठरणार आहे, आणि त्यात भाटिया सरांचा शब्द चालतो. म्हणून विचारते. मी बरोबर आहे ना? आणि असले तर काय करू?

तुमची,
सुनीती


कराड
१३ ऑक्टोबर १९९५

चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. तुझं पत्र वाचून मात्र मी उभी राहिले.

तू बरोबर आहेस. यात विचारण्यासारखं काही नाही, आणि विचारलंस म्हणून थोडी रागावलेही. बी.एड.ला पहिली आलेली मुलगी वर्गमुळाला घाबरते होय?

तुझ्या भाटिया सरांची चूक कुठे आहे ते सांगते, कारण ती माझ्या किती विद्यार्थिनींनी केली याची गणती नाही. दहावीपर्यंत पोरं त्रिकोणमिती त्रिकोणात शिकतात. तिथे कोन लघुकोनच असतो. लघुकोनात साइन, कोसाइन सगळं धन. त्यामुळे मूळ काढलं की कोसाइन लिहून मोकळं व्हायचं, आणि ते बरोबरही येतं. मग अकरावीत कोन त्रिकोणातून बाहेर पडून गोल फिरायला लागतो, पण हाताला सवय दहावीचीच. सूत्र तोंडपाठ, कोनाकडे बघतं कोण.

म्हणून मी वर्गात आधी रेघ काढूच द्यायची नाही. आधी तक्ता. शून्य, नव्वद, एकशेऐंशी, दोनशेसत्तर, तीनशेसाठ. दिलेल्या मूळ राशीत किमती घालायच्या, सरळ रूपात नव्हे. ते पाच ठिपके मांडायचे आणि मग पेन्सिल उचलायची. सरळ रूप देताना आपण काहीतरी टाकून दिलेलं असतं, आणि ठिपके ते लपू देत नाहीत.

आता काय करायचं ते. स्टाफरूममध्ये वाद घालू नकोस. चारचौघांत चूक दाखवलेला माणूस ती जन्मात कबूल करत नाही. एकटी जा, कोरा कागद पुढे ठेव, आणि म्हण, सर, मला एवढा तक्ता भरून द्या. बाकी काही बोलू नकोस. एकशेऐंशीला त्यांचा हात थांबेल.

यतीनला का कळायला नको? त्याचंही महिनाभर पत्र नाही. ऑफिसात सगळं ठीक आहे ना?

तुझी,
आई


मयूर विहार
३० ऑक्टोबर १९९५

ती. आईंना नमस्कार.

दिवाळी झाली. फराळ विकतचाच आणला, तुम्ही रागावणार हे ठाऊक आहे. यतीन ठीक आहे, फक्त ऑफिसातून उशिरा येतो.

सुटीनंतर पहिल्याच दिवशी भाटिया सरांकडे गेले. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत एकटेच होते. कागद ठेवला, तुम्ही सांगितलं तेवढंच बोलले. त्यांनी शून्य भरलं, नव्वद भरलं. एकशेऐंशीपाशी हात थांबला नाही, आई. त्यांनी सरळ 'एक' लिहिलं, दोनशेसत्तरला शून्य, तीनशेसाठला एक, पेन बंद केलं आणि म्हणाले, "पता है, मैडम. आप मुझे क्या समझती हैं?"

मला वाटलं होतं त्यांना येत नाही. त्यांना सगळं येतं. नमुना उत्तरं घाईत लिहिली, ट्यूशनच्या नोट्समध्ये वर्षानुवर्षं तसंच छापलेलं होतं तेच उतरवलं. "लेकिन अब बच्चों को, पेरेंट्स को क्या बोलूँ? कि भाटिया ग़लत पढ़ाता है?" आवाज चढलेला नव्हता. मला त्यांची कीव आली, आणि त्याचाच आता राग येतो.

चूक माहीत नसलेल्या माणसाला दाखवता येते. हे तर सगळं बघून गप्प बसणारे. यांना मी काय दाखवणार?

परवा प्राचार्यांनी बोलावलं. आधीच दोनचार पालक येऊन गेले होते, मुलांचे गुण का कापले म्हणून. भाटिया सर तिथेच बसलेले. तोडगा तयार होता: दोन्ही उत्तरं बरोबर धरायची. लाट काढणाऱ्यालाही पूर्ण गुण, प्रणितालाही पूर्ण गुण. कुणाचं काही जात नाही. फक्त वर्गशिक्षिका म्हणून मी लिहून द्यायचं की दोन्ही आलेख मान्य, आणि खाली सही. मी म्हटलं, एका प्रश्नाचे दोन वेगवेगळे आलेख बरोबर कसे असतील? प्राचार्याबाई हसून म्हणाल्या, "सुनीती, बी प्रॅक्टिकल. मार्च में आपका कन्फर्मेशन भी तो मेरे पास आएगा." धमकी नव्हती. चहा मागवला होता त्यांनी माझ्यासाठी.

दोन आठवड्यांची मुदत मागून आलेय. प्रणिता बसमध्ये विचारते, "मॅम, माझं सही होतं ना?" मी हो म्हटलंय. त्यावर ती म्हणाली, "मग बाकीच्यांना सांगा ना. ते मला हसतात."

सही करू की नको? तुम्ही म्हणाल ते करेन. खरंच, तुमच्यावर सोडते.

सुनीती


कराड
५ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. सुनीतीस आशीर्वाद.

सही करून टाक.

मुलीचे गुण जात नाहीत, तुझी नोकरी राहते. एकदा कायम झालीस की पेपर तूच काढशील, नमुना उत्तरं तूच लिहिशील. तेव्हा हवं ते शिकव. एका प्रश्नाने गणित काही बुडत नाही.

जास्त विचार करू नकोस. तब्येतीला जप, यतीनला जप.

आई


मयूर विहार
१८ डिसेंबर १९९५

ती. आईंना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसायची आणि उठायची.

सही केली. दुसऱ्या दिवशी भाटिया सरांनी स्टाफरूममध्ये बर्फी वाटली, कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. वर्गात मी जाहीर केलं की दोन्ही आलेख मान्य आहेत. पोरांनी बाकं बडवली. प्रणिता तेवढी वहीत बघत बसली. तिने भांडायला हवं होतं, मला ते सोसलं असतं. त्या दिवसापासून बसमध्ये ती मागे मैत्रिणींबरोबर बसते. गेल्या आठवड्यात कळलं, तिने भाटिया सरांची ट्यूशन लावली आहे.

आई, तुमचं ते चार ओळींचं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. मला त्यात तुम्ही सापडत नाही. एका पत्रात वर्गमुळाला घाबरते म्हणून रागावता आणि पुढच्यात एका प्रश्नाने गणित बुडत नाही म्हणता. तुम्हाला खरंच तसं वाटलं का? तसं वाटलं असेल तर मी स्वतःची समजूत घालीन, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत. पण सांगा.

आणि मीही तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे, ती आता लिहूनच टाकते. यतीनने सप्टेंबरातच सरकारी नोकरी सोडली. गुडगावला एका परदेशी कंपनीत लागलाय. रोज सगळी दिल्ली ओलांडून जातो. तिथे सहा महिने चाचणीवर आहे आणि त्याच्याबरोबर घेतलेल्या दोघांना परवाच घरी पाठवलं. त्याने मला शपथ घातली होती, आईला सांगू नकोस, ती सरकारी नोकरी म्हणजे देव मानते. माझी नोकरी पक्की व्हायला हवी ती यासाठी. तो एकदा जेवताना म्हणाला होता, "तुझं मार्चला झालं की मला झोप येईल." म्हणून मी त्याला या प्रश्नाचं काही बोलले नाही. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे तुमचा सल्ला तरी निव्वळ गणिताचा असेल असं मी धरून चालले.

सुनीती


कराड
२ जानेवारी १९९६

चि. सौ. सुनीतीस,

मला ठाऊक होतं.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी यतीनचा शेजारच्या नाईकांकडे फोन आला होता. नोकरी सोडल्याचं त्याने तेव्हाच सांगितलं. तुझ्या शाळेतल्या भानगडीचंही त्याला कळलं होतं. तुमच्या शाळेतल्या कुणा बाईंचा नवरा यतीनच्याच चार्टर्ड बसने ऑफिसला जातो म्हणे. तू लपवतेस आणि त्याला सगळं माहीत, असा तुमचा संसार. तो म्हणाला, "आई, ती तुझं ऐकते. तिला सांग सही कर म्हणून. माझं इथे काही खरं नाही." त्याचा आवाज तसा मी त्याच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता.

तू गणित विचारलंस आणि मी मुलाला वाचवलं. पत्र पोस्टात टाकलं तेव्हाच मला ते कळत होतं, म्हणून तर चारच ओळी लिहिल्या. पाचवी लिहिली असती तर तू ओळखलं असतंस.

तू माझ्यावर सोडलंस, तेवढ्या भरवशाने मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. आणि मी हे केलं. मला लाज वाटते, सुनीती. मुलीचे गुण जात नाहीत असं मी लिहिलं. गेलं काय ते तुझ्या पत्रात दिसतंय. तिला एकटीला बरोबर आलं होतं आणि आपण तिला सांगितलं की त्याने काही फरक पडत नाही.

आता पुढे काय कर, हे मी सांगणार नाही. माझं एकदा ऐकून झालंय. यतीनवर चिडू नकोस एवढंच म्हणते, तो घाबरलेला आहे. घाबरलेली माणसं घरात तीन झाली की कुणातरी एकाला थांबावं लागतं.

आई


मयूर विहार
१० मार्च १९९६, रविवार

ती. आईंना नमस्कार.

तुमच्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी रागाने दिलं नाही. नंतर राग गेला तरी काय लिहावं सुचेना. यतीनशी बोलले. पहिल्यांदा दोघंही खूप ओरडलो, मग बरेच दिवस हळू आवाजात बोललो. तो अजून चाचणीवरच आहे.

वार्षिक परीक्षा संपली. पेपर पुन्हा भाटिया सरांचा. या वेळी प्रश्न होता: एक उणे कोसाइन दोन एक्स, भागिले दोन, या सगळ्याच्या वर्गमुळाला सरळ रूप द्या, आलेख काढा. तुमच्या लक्षात आलंच असेल. आतली राशी म्हणजे साइन वर्ग, मूळ काढलं की साइनचं केवल मूल्य, दोन्ही उंचवटे अक्षाच्या वर. नमुना उत्तरात साइन एक्स, दुसरा भाग खाली. शेजारी कंसात सरांनी लिहिलंय, सहामाहीप्रमाणे दोन्ही आलेख मान्य. माझ्या सहीचा आता नियम झालाय.

काल दुपारी गठ्ठा तपासायला घेतला. प्रणिताची उत्तरपत्रिका उघडताना मला खरंच बरं वाटत होतं. एक तरी पान आपल्याला हवं तसं असेल असं वाटलं. तिने लाट काढली आहे. पहिला उंचवटा वर, दुसरा खाली. सुबक, पट्टीने अक्ष आखून.

तिला न येणं शक्य नाही. मी उत्तरपत्रिका मिटली, पुन्हा उघडली. मग जे करू नये ते केलं. निकालाआधी मुलीला घरी बोलावणं नियमात बसत नाही, तरी आज सकाळी निरोप धाडला. ती आली, उभीच राहिली. यतीन आत होता, सगळं ऐकत होता.

मी विचारलं, "दोनशेसत्तरला मूळ राशीची किंमत काय येते?"

ती म्हणाली, "वन." विचारसुद्धा करावा लागला नाही तिला.

"मग ग्राफ खाली का नेलास?"

"मॅम, खाली नेला तरी फुल मार्क्स मिळतात. वर काढला की भाटिया सर ट्यूशनमध्ये सगळ्यांसमोर बोलतात, देखो, मैडम की स्टूडेंट." मग म्हणाली, "आणि तुम्हाला तर दोन्ही सही वाटतात ना?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. माझ्या सहीवरून तिने तेवढंच धरलं होतं आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

मी म्हटलं, "नाही. मला दोन्ही बरोबर वाटत नाहीत. कधीच वाटले नाहीत. मी घाबरून सही केली."

 मोठं माणूस असं काही बोलेल याची तिला सवय नसावी. मग तिने विचारलं, "आता नाही वाटत भीती?"

"वाटते."

"मग?"

मी म्हटलं, "तुझे या प्रश्नाचे गुण मी कापणार आहे. तू चूक लिहिलं आहेस, आणि तुला माहीत असून लिहिलं आहेस."

मला वाटलं ती रडेल, निदान चिडेल तरी. तिने दुपट्टा नीट केला, चपला घातल्या. दारातून मागे वळून म्हणाली, "कापा, मॅम. पण मग सगळ्यांचे कापा. मला एकटीला नको."

ती गेल्यावर मी पुन्हा गठ्ठा घेऊन बसले. प्रणितापासून सुरुवात केली. तिच्या पानावर लाल रेघ ओढताना हात जड झाला, नंतरच्या पानांवर झाला नाही. प्रत्येकाच्या आलेखाशेजारी मी पाच ठिपके मांडले, म्हणजे कुणाला उगाच कापले असं वाटू नये. सगळ्या वर्गात एकाचाही आलेख वर नाही. आई, सहामाहीत एकीचा तरी होता.

यतीन मध्येच बाहेर आला. गठ्ठा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "उद्या नेणार?" मी हो म्हटलं. त्याने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि दोन कप घेऊन तो समोर येऊन बसला. 

उद्या सोमवारी प्रार्थनेआधी गठ्ठा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवीन आणि माझी सहामाहीची सही मागे घेत असल्याचं लिहून देईन. मार्चअखेरची यादी त्याच टेबलावर तयार होतेय. हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा तिच्यात माझं नाव आहे की नाही हे ठरलेलं असेल. बहुतेक नसेल. परीक्षा संपली तरी बारावीच्या तयारीचे तास सुरू आहेत, परवा माझा याच वर्गावर तास आहे. तेवढा तरी घेऊ द्या, असं त्यांना सांगणार आहे.

तुमची,
सुनीती